ज्याचं पाऊल उमटत नाही: ग्नॉस्टिक मत आणि प्रस्थापित धर्म, समोरासमोर

वसईला आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत प्रवचन संपलं की सगळे उभे राहतात आणि श्रद्धेची कबुली म्हणतात. स्वर्ग आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या सर्वसमर्थ पित्यापासून सुरुवात, आणि शेवटाकडे देहाचं पुनरुत्थान. लहानपणापासून पाठ असल्यामुळे तोंड आपोआप चालतं आणि मन घरच्या मटणाभोवती फिरत असतं. ही वाक्यं एका जुन्या भांडणात पारजली गेली आहेत, हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं. पृथ्वी निर्माण करणारा आणि सर्वांत वरचा देव एकच आहे, हे दर आठवड्याला उभं राहून सांगायची गरज का पडावी? कारण दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात आणि रोममध्ये शिकलेली, स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारी माणसं नेमकं उलट सांगत होती. हे जग ज्यानं बनवलं तो खरा देव नाहीच, असं.

त्या माणसांना आज आपण ग्नॉस्टिक म्हणतो. गेल्या काही वर्षांत व्हिडिओ बघून, पॉडकास्ट ऐकून ‘मला देवळा-चर्चचा धर्म पटत नाही, पण ग्नॉस्टिकांचं पटतं’ म्हणणारी बरीच मंडळी भेटतात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल आणि खरंच तिकडे वळायचं की नाही याचा विचार करत असाल, तर ही तुलना तुमच्यासाठी. मी मिस्सेला जाणारी बाई आहे, तेव्हा माझं पारडं कुठे झुकतं ते आधीच सांगून टाकते. पण हे ग्रंथ मी आवडीनं वाचले आहेत, आणि एका प्रश्नावर तरी ते मला आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गापेक्षा जास्त सरळ वाटले आहेत.

आधी माल कुठून आला ते

‘ग्नॉस्टिक धर्म’ नावाचा एकसंध धर्म कधीच नव्हता. त्याला ‘वाद’ किंवा ‘पंथ’ बनवणारा इंग्रजी शब्दसुद्धा सतराव्या शतकातला. व्हॅलेंटायनस, बॅसिलायडीस असे वेगवेगळे गुरू होते, त्यांच्या वेगवेगळ्या शाळा होत्या आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या कथा होत्या. व्हॅलेंटायनस तर साधारण 140 च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीत बसणारा-उठणारा माणूस. तो बिशप होण्याची आशा धरून होता, असं त्याचा विरोधक टर्टुलियन लिहितो. आज काही अभ्यासक म्हणतात की ‘ग्नॉस्टिक’ ही पेटीच मोडून टाकावी, तिच्यात फार वेगवेगळा माल कोंबलाय. बरोबर असेल. पण तुलना करायची तर काहीतरी नाव हवंच.

दीड हजार वर्षं आपल्याला ही माणसं माहीत होती ती मुख्यतः त्यांच्या शत्रूंच्या लिखाणातून. त्यातलं महत्त्वाचं म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या ल्याँचा बिशप आयरेनियस यानं 180 च्या सुमारास लिहिलेले पाच खंड. घटस्फोटाच्या अर्जावरून नवऱ्याचा स्वभाव ओळखण्यासारखं ते होतं. मग डिसेंबर 1945 मध्ये वरच्या इजिप्तमध्ये, नाग हम्मादी गावाजवळच्या डोंगराच्या पायथ्याशी खताची माती खणायला गेलेल्या शेतकऱ्यांना एक मोठा मातीचा रांजण सापडला. शोधाची जी कथा सांगतात तिच्यात फोडायला आधी भीती वाटते, कारण आत जिन्न असला तर? पण सोनं असलं तर, म्हणून शेवटी कुदळ पडते. आत निघाल्या कातडी बांधणीच्या पोथ्या. घरी आणल्यावर आईनं त्यातली काही पानं भाकरीच्या भट्टीत सरपणाबरोबर जाळली. या कथेच्या तपशिलांवर अभ्यासकांमध्ये वाद आहे, पोथ्यांवर नाही. तेरा पोथ्या, बावन्न लेख, कॉप्टिक म्हणजे इजिप्तची जुनी भाषा, चौथ्या शतकातल्या नकला. आज त्या कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहेत. गंमत म्हणजे त्यात प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा एक तुकडाही निघाला.

पोथ्या वाचल्यावर कळलं की आयरेनियसनं टिंगल भरपूर केली असली तरी सगळंच रचून सांगितलं नव्हतं. एका मुख्य कथेचा त्यानं दिलेला सारांश पोथीशी बऱ्यापैकी जुळतो.

ती कथा

‘योहानाचा गुप्तग्रंथ’ या लेखाच्या नाग हम्मादीत तीन प्रती निघाल्या, म्हणजे तो लोकप्रिय असणार. त्यातली गोष्ट थोडक्यात अशी. सर्वांत वर एक अवर्णनीय परमात्मा. त्याच्यापासून दिव्य तत्त्वांची एक भरलेली सृष्टी, तिला ‘प्लेरोमा’ म्हणजे पूर्णत्व म्हणतात. तिथली सगळ्यांत धाकटी सोफिया, म्हणजे प्रज्ञा. तिला जोडीदाराच्या संमतीशिवाय स्वतःच काही निर्माण करावंसं वाटलं. जन्माला आलं ते विद्रूप बाळ: सिंहाचं तोंड, सापाचं अंग, डोळ्यांत विजा. कोणाला दिसू नये म्हणून तिनं ते एका तेजस्वी ढगात लपवलं. त्याचं नाव याल्डाबाओथ. त्यानं आपल्यासारखेच अधिकारी निर्माण केले, जग बांधलं आणि जाहीर केलं की मी ईर्ष्यावान देव आहे, माझ्याशिवाय दुसरा देव नाही. यावर ग्रंथकार जी टिप्पणी करतो ती वाचून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले होते: दुसरा कोणी नसेलच, तर हा ईर्ष्या कोणाची करतोय?

आमच्या वसई-विरार पट्ट्यात ही गोष्ट समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. प्लॉट एकाचा, बांधकाम दुसऱ्याचं, कागद कच्चे, आणि बिल्डर छातीठोकपणे सांगतो की मीच मालक. भाडेकरू बिचारे त्यालाच नमस्कार घालतात. ग्नॉस्टिक म्हणतात, तुमचा धर्म म्हणजे तो नमस्कार.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. हे अधिकारी मिळून पहिल्या माणसाचा, आदामाचा, देह बनवतात, आणि लांब प्रतीत अक्षरशः यादी आहे की भुवई कोणी केली, कान कोणी, नख कोणी. एकूण 365 दूत कामाला. एवढं करून देह निपचित पडून राहतो. मग वरून युक्ती होते. याल्डाबाओथला सांगितलं जातं की त्या देहाच्या तोंडावर फुंकर घाल. तो घालतो, आणि आईकडून आलेली दिव्य शक्ती त्याच्याकडून निघून माणसात शिरते. माणूस उठतो. आणि बनवणाऱ्यांच्या लक्षात येतं की हा आपल्यापेक्षा शहाणा आहे.

म्हणजे माणूस त्याच्या निर्मात्याहून थोर. सगळ्या तुलनेची मेख इथे आहे.

दुःखाचा जाब कोणाला विचारायचा

यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही धर्मांत एकच देव, तोच निर्माता, आणि निर्मिती मुळात चांगली. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव आपलं काम पुन्हा पुन्हा पाहतो आणि ते त्याला चांगलं दिसतं. मग सहा महिन्यांच्या बाळाला रक्ताचा कर्करोग का होतो? इथे हे धर्म अडतात. कोणी माणसाच्या आज्ञाभंगाकडे बोट दाखवतो, कोणी परीक्षेकडे. बायबलातला ईयोब निर्दोष असून सगळं भोगतो; त्याच्या पुस्तकात तर देव वादळातून बोलतो, पण ‘का’चं उत्तर देत नाही. ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडितानं नंतर मांडलं की वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही, चांगल्याची उणीव आहे. तर्काला ठीक आहे. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सांगून बघा.

ग्नॉस्टिक इथे अडत नाहीत. जग नीट चालत नाही, कारण ते नीट बांधलंच नाही. खऱ्या देवाचा यात हात नाही, त्याला दोष नाही, आणि तुमच्या मुलाच्या आजाराला तुमचं पाप जबाबदार नाही. मघाशी ‘सरळ’ म्हटलं ते हे. दुःखाला धडा किंवा कृपा म्हणायला ही माणसं नकार देतात. ‘देवाची इच्छा’ हे शब्द ऐकून ज्याच्या पोटात ढवळलंय, त्याला ग्नॉस्टिक ग्रंथ पहिल्यांदा वाचताना कोणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटतं.

पण किंमत बघा. जग वाईट बांधलंय म्हटलं की समुद्र, आंब्याचा मोहोर, लेकराचं हसू हेही त्याच बांधकामात आलं. काही ग्नॉस्टिक इथे मवाळ होतात. व्हॅलेंटायनसचा शिष्य टॉलेमी यानं फ्लोरा नावाच्या बाईला लिहिलेलं एक पत्र टिकून आहे. त्यात निर्माता दुष्ट नाही, नुसता न्यायी आहे, परिपूर्ण चांगला तेवढा नाही. हे पत्र वाचताना वाटतं की हा माणूस शेजारी राहायला चालेल. मार्सियन नावाचा सिनोपचा जहाजमालकही असंच काहीसं म्हणत होता, जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाचा, देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. 144 मध्ये रोमच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं आणि त्यानं देणगी दिलेले दोन लाख सेस्टर्सही (रोमन नाणी) परत केले. देणगी परत करणारी धार्मिक संस्था! मतभेद किती खोल होता ते यावरून कळावं. (मार्सियनला काटेकोरपणे ग्नॉस्टिक म्हणता येत नाही, गुप्त ज्ञानाचा भाग त्याच्याकडे नाही.)

जाणणं आणि मानणं

ग्रीक ‘ग्नोसिस’ आणि आपलं ‘ज्ञान’ हे एकाच मूळ धातूतून आलेले शब्द आहेत. पण इथे ज्ञान म्हणजे माहिती नव्हे, ओळख. पुण्याची माहिती असणं वेगळं आणि पुणं ओळखीचं असणं वेगळं. ग्नॉस्टिकाला ओळख पटवायची असते ती स्वतःचीच: मी कोण होतो, कुठून इथे येऊन पडलो, आता कुठे जायचंय. ‘थॉमसची कृत्यं’ या तिसऱ्या शतकातल्या सिरियाकडच्या ग्रंथात एक मोत्याचं गीत आहे. राजपुत्राला सर्पाच्या पहाऱ्यातला मोती आणायला इजिप्तला पाठवतात. तिथे तो त्यांच्यासारखे कपडे घालतो, त्यांचं अन्न खातो आणि आपण कोण ते विसरून झोपतो. मग घरून पत्र येतं, गरुडाच्या रूपात उडत, आणि त्याला आठवतं. पत्रात जे लिहिलंय ते त्याच्या हृदयात आधीच लिहिलेलं होतं. तोच ग्रंथ थॉमस या येशूच्या शिष्याला हिंदुस्थानात गोंडोफारिस राजाकडे पाठवतो; केरळच्या ख्रिस्ती परंपरेतही त्याला वेगळं स्थान आहे.

प्रस्थापित ख्रिस्ती धर्मात मुख्य शब्द ‘विश्वास’. तारण हे बाहेरून, कृपेनं येतं; घरातल्या अडाणी आजीला आणि धर्मशास्त्राच्या डॉक्टरेटवाल्याला ते सारखंच मिळू शकतं. इस्लामात ईमान आणि आचरण. दोन्हीकडे माणसाचा आजार म्हणजे पाप, म्हणजे चुकीचं वागणं. ग्नॉस्टिकांकडे आजार म्हणजे विस्मरण. साहजिकच औषधही वेगळं: क्षमेच्या जागी जाग येणं.

ऐकायला हे फार मोकळं वाटतं, विशेषतः लहानपणी पापनिवेदनाच्या खुर्चीला घाबरलेल्या माझ्यासारखीला. पण व्हॅलेंटायनसच्या शाळेत माणसांचे तीन वर्ग होते: मातीचे, मनाचे आणि आत्म्याचे. मातीच्या माणसाला आशा नाही. मनाचे म्हणजे साधे चर्चवाले. त्यांना सत्कर्म करून मधल्या जागेपर्यंत पोचता येईल. आत्म्याचे मात्र स्वभावतःच मुक्त. आयरेनियसला सगळ्यात जास्त राग याचा होता, आणि माझं मत विचाराल तर तो बरोबर होता. ‘ज्यांना कळलंय ते आम्ही’ हा सूर आजच्या व्हिडिओंखालच्या कमेंटमध्येही तसाच ऐकू येतो. बाकीचे सगळे झोपलेले.

पाऊल

आता मला ज्यावर थांबायचंय ते. ग्नॉस्टिक वर्तुळातल्या अनेकांसाठी येशू खरा देहधारी नव्हता, किंवा देह त्यानं वरून पांघरला होता. कारण देह म्हणजे त्या बिल्डरचं बांधकाम. ‘योहानाची कृत्यं’ या ग्रंथात येशूचा शिष्य योहान सांगतो की मी त्याच्याबरोबर चालताना जमिनीवर त्याच्या पावलाचा ठसा उमटतो का ते बघायचा प्रयत्न करायचो. कधीच दिसला नाही.

पादुकांच्या मुलखात हे वाक्य वाचावं. आषाढीला पालखीत काय असतं? पादुका. लोक रस्त्यात तासन्‌तास उभे राहतात ते पालखीतल्या दोन पावलांसाठी. महानुभावांनी तर चक्रधरस्वामी जिथे बसले, जिथे थांबले, त्या त्या जागा नोंदवून तिथे ओटे बांधले. बायबलमधल्या नेहमीच्या शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, थॉमससुद्धा हेच मागतो की जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, आणि येशू त्याला ‘घाल’ म्हणतो. ख्रिस्ती धर्माचा सगळा डाव यावर आहे: देव खरोखर भुकेला झाला, दमला, रडला, मेला. कुराणात चौथ्या सूरेत म्हटलंय की येशूला क्रुसावर मारलं नाही, लोकांना तसं भासवलं गेलं. वरवर हे ग्नॉस्टिकांसारखं दिसतं, पण कारण अगदी वेगळं आहे. इस्लामात देह अल्लाहनंच घडवलेला, तो तुच्छ नाही.

माझी आई गेली तेव्हा दफनभूमीत धर्मगुरूंनी पेटीवर पवित्र पाणी शिंपडलं, धूप दाखवला, आणि आम्ही एकेक मूठ माती टाकली. त्या आठवड्यात मी रात्री ग्नॉस्टिक ग्रंथ चाळत होते, काहीतरी मिळेल म्हणून. ‘फिलिपचं शुभवर्तमान’ म्हणतं, आधी मरू आणि मग उठू असं मानणारे चुकतात. पुनरुत्थान जिवंतपणीच मिळवायचं. सुंदर आहे, आपल्या जीवन्मुक्तीजवळचं आहे. पण मला आईचे हात हवे होते. पीठ मळून मळून बोटांची पेरं जाड झालेले ते हात. त्यांना कारागृह म्हणणारा धर्म त्या दिवशी मला परका वाटला, आणि देहाचं पुनरुत्थान हे तोंडपाठ शब्द पहिल्यांदाच अर्थासकट तोंडातून निघाले.

तुमचा अनुभव उलट असू शकतो. ज्याचा देह वर्षानुवर्षं दुखतोय, किंवा ज्याला स्वतःचं शरीर आपलं वाटतच नाही, अशी माणसं मला सांगतात की ‘तू म्हणजे हा देह नाहीस’ हे वाक्यच त्यांना तगवतं. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

‘मग हे आपल्या अद्वैतासारखंच की’

मराठी वाचकाकडून हे हमखास येतं. दिसायला सारखं आहे: अज्ञान हा रोग, ज्ञान हा उपाय, आत दिव्य अंश. फरक असा की अद्वैतात जगाचा कोणी दुष्ट ठेकेदार नाही. दोरीवर साप भासतो, तो भास कोणी कट करून बसवलेला नाही. ग्नॉस्टिकांचं जग भास नाही, ते खरंच बांधलंय, चुकीच्या माणसानं. आणि ज्ञानेश्वरांकडे आलात तर अंतर आणखी वाढतं. त्यांच्या चिद्विलासात जग हा चैतन्याचा खेळ आहे. तुरुंग शब्दाला तिथे जागाच नाही.

खरी जवळीक शोधायची तर महानुभावांकडे बघा, असं मला वाटतं. ऐतिहासिक संबंध काही नाही, नुसतं साम्य. त्यांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार स्वतंत्र, अनादी पदार्थ. देवतांची उपासना केली तर फळ मिळतं, पण नाशवंत. मोक्ष फक्त परमेश्वर देतो. म्हणजे ज्यांना लोक देव म्हणून पूजतात ते आणि सोडवणारा देव, हे वेगळे. ग्नॉस्टिक वाचक इथे मान डोलावेल. पण महानुभावांच्या देवता सिंहासन बळकावून बसलेल्या नाहीत, आणि ओट्यांचं मघाशी सांगितलंच.

हिशेब कोणाच्या हाती

आयरेनियसनं चारच शुभवर्तमानं का, तर दिशा चार, वारे चार, असा युक्तिवाद केला. आज हसू येतं, पण त्यामागे त्याची भीती खरी होती: रोज नवा ग्रंथ काढणाऱ्यांना कोणी विचारायचं? उत्तर होतं बिशपांची परंपरा. 367 मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेसियस यानं आपल्या पत्रात नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागाच्या, 27 पुस्तकांची यादी दिली आणि बाकीची टाळायला सांगितली. नाग हम्मादीचा रांजण त्यानंतर पुरला गेला असावा, असा अनेकांचा कयास आहे. 325 च्या नायसियाच्या परिषदेत ग्नॉस्टिक पुस्तकं मतदानानं बाद झाली, ही मात्र निव्वळ लोणकढी. त्या परिषदेत बायबलच्या यादीवर चर्चाच झाली नाही. मुख्य वाद एरियस या धर्मगुरूच्या, येशू पित्याच्या बरोबरीचा नाही या मताचा होता.

‘ग्नॉस्टिक म्हणजे स्त्रियांना समान स्थान’ हेही अर्धंच खरं. ‘मरियेचं शुभवर्तमान’ वाचा: येशूची शिष्या मरिया माग्दालीन शिकवते, पेत्र हा शिष्य चिडतो की प्रभू आम्हाला सोडून बाईशी बोलला का, आणि लेवी हा दुसरा शिष्य तिची बाजू घेतो. टर्टुलियन चवताळून लिहितो की या पाखंड्यांच्या बायका शिकवतात, वाद घालतात, भुतं काढतात, कदाचित बाप्तिस्माही देत असतील. छान. पण ‘थॉमसचं शुभवर्तमान’ उघडून शेवटचं, 114वं वचन वाचा. तिथे पेत्र म्हणतो मरियेला घालवून द्या, आणि येशू म्हणतो मी तिला पुरुष करीन, म्हणजे ती आत जाऊ शकेल. व्हिडिओंमध्ये हे वचन सहसा येत नाही.

रोज जगायचं कसं

मत कितीही देखणं असो, सोमवारी सकाळी त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. इथे इतिहासात तीन उदाहरणं बघण्यासारखी आहेत.

मानी, जन्म 216, बाबिलोनियातला. यानं प्रकाश आणि अंधार या दोन तत्त्वांचा धर्म काढला, हिंदुस्थानच्या दिशेनंही प्रवास केला, आणि शेवटी इराणी बादशहाच्या कैदेत मेला. त्याच्या पंथात ‘निवडलेले’ आणि ‘श्रोते’ असे दोन थर. निवडलेल्यांनी शेती करायची नाही, फळ तोडायचं नाही, लग्न नाही. श्रोते त्यांना जेवण आणून देणार, आणि त्यांच्या पोटातून अन्नात अडकलेला प्रकाश सुटणार. आपल्याकडच्या साधू आणि श्रावक या व्यवस्थेची आठवण येते ना? ऑगस्टिन साधारण नऊ वर्षं यांचा श्रोता होता, ‘वाईट कुठून आलं’ हाच प्रश्न घेऊन. नंतर त्यानंच थट्टा केली की हे लोक मानतात की अंजीर तोडलं तर ते आणि झाड दुधाचे अश्रू ढाळतात.

दक्षिण फ्रान्सचे कॅथर, बारावं-तेरावं शतक. त्यांचे ‘परिपूर्ण’ मांस, अंडी, दूध, चीज काहीच खात नसत, कारण ते संभोगातून आलेलं. साधे अनुयायी संसार करत आणि मरताना दीक्षा घेत. पोपनं त्यांच्यावर 1209 मध्ये धर्मयुद्ध सोडलं. 16 मार्च 1244 रोजी मॉन्सेग्युरच्या किल्ल्याखाली दोनशेहून अधिक जणांना जाळलं. मत सोडा आणि सुटा असा पर्याय होता, त्यांनी तो घेतला नाही. माझ्या चर्चच्या इतिहासातलं हे पान मी वगळून पुढे जाणार नाही.

आणि मांदेअन, इराक-इराणमधले. ‘मांदा’ म्हणजेही ज्ञान. येशूला न मानता बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला थोर मानणारे, वाहत्या पाण्यात पांढऱ्या वस्त्रांत पुन्हा पुन्हा बाप्तिस्मा घेणारे. प्राचीन ग्नॉस्टिक परंपरांपैकी आजवर जिवंत राहिलेला समाज हा एकच. आणि त्यांच्यात लग्न करणं, मुलं होणं हे धर्मकर्तव्य आहे! देहाला शत्रू मानणारे विझले, नदी-लग्न-लेकरं धरून बसलेले टिकले. यातून सिद्धांत काढणं कदाचित घाई ठरेल, पण मला ते लक्षणीय वाटतं. इराकमधल्या 2003 नंतरच्या धुमश्चक्रीत त्यातले बरेच स्वीडन, ऑस्ट्रेलियाला गेले. तुम्हाला मात्र त्यांच्यात सामील होता येणार नाही, कारण मांदेअन जन्मानंच होता येतं.

ठरवताना

आज ‘ग्नॉस्टिक’ पाटी लावलेल्या संस्था आहेत, पण त्यांची परंपरा अखंड नाही. फ्रान्समध्ये ज्यूल द्वानेलनं 1890 मध्ये ग्नॉस्टिक चर्च नव्यानं काढलं. ‘ग्नोसिस’चे मोफत वर्ग दिसले तर ते कोणाच्या शिकवणीचे हे आधी विचारा, बऱ्याचदा मागे कोलंबियात जन्मलेला, विसाव्या शतकातला सामाएल आउन वेओर निघतो. त्याच्याकडे योग, तंत्र, लैंगिक ऊर्जा असं बरंच मिश्रण आहे, नाग हम्मादीशी त्याचा संबंध लांबचा.

तेव्हा जोडायचं म्हणून काही शोधत असाल, म्हणजे लग्न लावणारं, आजारपणात डबा आणणारं, खांदा द्यायला येणारं, तर ग्नॉस्टिक मत तुम्हाला ते देणार नाही. त्यासाठी आपला कंटाळवाणा, भांडखोर, वर्गणी मागणारा प्रस्थापित धर्मच, कुठला का असेना. पण ‘दुःख हे देवाचं देणं’ या वाक्यानं तुमचा श्वास कोंडला असेल, तर हे ग्रंथ खिडकीसारखे उघडा. दोन्ही एकदम चालतं का? व्हॅलेंटायनसचे लोक रविवारी सगळ्यांबरोबरच बसत होते आणि तेच शब्द म्हणत होते, मनात अर्थ वेगळा धरून. आयरेनियसची तक्रारच ती होती. आमच्या बाकांवरही असे दोन-चार असतील. मी शेजारणीला विचारलेलं नाही.

वाचायला सुरुवात मात्र याल्डाबाओथपासून करू नका, नावांच्या जंगलात हरवाल. आधी टॉलेमीचं फ्लोराला पत्र, अर्ध्या तासाचं काम. मग मोत्याचं गीत. मग थॉमसची 114 वचनं, रोज चार-पाच, घाई न करता. ती ग्नॉस्टिक आहेत की नाहीत यावरच अभ्यासक भांडतात, त्यामुळे तुम्हालाही भांडायची मुभा आहे. 77वं वचन, लाकूड फोडा मी तिथे आहे, दगड उचला मी तिथे सापडेन, हे तुम्हाला बहुतेक लगेच आवडेल. शेवटचं वगळू नका.